पुस्तकातली आघाडी आणि घाटाखालचे वारे

काही वर्षांपूर्वी बुलढाण्याला माध्यमिक शिक्षकांच्या एका शिबिरात हवामानावर बोलायला गेलो होतो. मार्च महिना होता. आदल्याच आठवड्यात परिसरात गारपीट होऊन उभा गहू आडवा झाला होता. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, “सर, पुस्तकात उष्ण आघाडी आणि शीत आघाडी आहे. आम्ही ती फळ्यावर काढतो, मुले वहीत काढतात. पण आघाडी आपल्याकडे येते का हो?”

मी लगेच उत्तर दिले, “नाही. आघाड्या ही मध्य अक्षवृत्तांतली गोष्ट आहे.” बाई “बरं” म्हणाल्या आणि खाली बसल्या.

उत्तर चूक नव्हते. परीक्षेत लिहिले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. पण परतीच्या एसटीत बसल्यावर ते मला टोचू लागले. दोन वेगवेगळ्या हवा समोरासमोर आल्या की काय होते, हे त्या बाईंनी आठच दिवसांपूर्वी पाहिले होते. आणि मी मात्र त्यांना सांगून आलो होतो की हा विषय तुमच्या गावचा नाही. चांगला प्रश्न बंद करून टाकणारे बरोबर उत्तर शिक्षणात बरेच नुकसान करते. या लेखात त्या उत्तराची आणि ते जिथून आले त्या पाठाची चिकित्सा करायची आहे.

पुस्तक काय सांगते

आपल्या राज्य मंडळाची पुस्तके वेगळी असली, तरी स्पर्धा परीक्षांमुळे एनसीईआरटीची अकरावीची भूगोलाची दोन पुस्तके आता तालुक्याच्या अभ्यासिकेतही सापडतात. बाजारातली बरीचशी मार्गदर्शकेही त्यांच्याच आधाराने लिहिलेली असतात. म्हणून उदाहरणाला तीच घेऊ. एक भौतिक भूगोलाच्या मूलतत्त्वांचे, दुसरे भारताच्या भौतिक पर्यावरणाचे.

पहिल्या पुस्तकात वायुराशी आणि आघाड्या येतात. मोठ्या, एकसारख्या पृष्ठभागावर हवा बराच काळ राहिली की तिला त्या पृष्ठभागाचे गुण लागतात. समुद्रावरची हवा दमट होते, वाळवंटावरची कोरडी, ध्रुवाकडची थंड. अशा हवेच्या प्रचंड साठ्याला वायुराशी म्हणायचे. पुस्तक तिचे पाच प्रकार देते. दोन भिन्न वायुराशी भेटतात त्या सीमेच्या पट्ट्याला आघाडी म्हणायचे (मराठीत काही ठिकाणी सीमापृष्ठ असाही शब्द वापरतात), आणि तिचे प्रकार चार : शीत, उष्ण, स्थिर आणि अधिविष्ट. आघाड्या मध्य अक्षवृत्तांत होतात, हेही पुस्तक सांगते.

या पाठाचे श्रेय त्याला द्यायला हवे. व्याख्या नेमकी आहे. सीमा म्हणजे रेघ नसून पट्टा, हे त्यात आहे. आकृत्या स्वच्छ आहेत. माझी तक्रार पाठात काय आहे याविषयी कमी, आणि तो कुठे थांबतो याविषयी जास्त आहे.

पहिली तक्रार : ‘इथे का नाही’ हे सांगितलेले नाही

चिकित्सक विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. व्याख्या म्हणते, दोन भिन्न वायुराशी भेटल्या की आघाडी. मग बंगालच्या उपसागरावरची दमट हवा आणि राजस्थानकडून येणारी कोरडी हवा विदर्भावर भेटते, तिथे आघाडी का नाही? पुस्तक कारण देत नाही, फक्त पत्ता देते : मध्य अक्षवृत्ते. कारण न देता पत्ता दिला की विद्यार्थी तो पाठ करतो. त्याला दुसरे काही करताच येत नाही.

कारण मात्र शाळेत दाखवता येण्याजोगे आहे. मासे ठेवतात तशी काचेची पेटी घ्या. मध्ये प्लॅस्टिकचा पत्रा घट्ट बसवून दोन भाग करा. एका भागात बर्फ घालून थंड केलेले निळे पाणी, दुसऱ्यात कोमट लाल पाणी घ्या. पत्रा हलकेच वर ओढा. निळे पाणी तळाने पुढे घुसते, लाल पाणी त्याच्यावर चढते. काही क्षण शीत आघाडीची अगदी पुस्तकी आकृती दिसते. पण लगेच निळे खाली आणि लाल वर होऊन सीमा आडवी होते, आणि खेळ संपतो.

आता मुलांना विचारा : युरोपात ही सीमा तिरकी उभी राहून दिवसेंदिवस टिकते, ती अशी आडवी का होत नाही? उत्तर असे की, आपली पेटी फिरत नाही आणि पृथ्वी फिरते. परिवलनामुळे वाऱ्याला वळवणारे जे कोरिऑलिस बल लागते, ते थंड हवेला उष्ण हवेखाली पूर्ण पसरू देत नाही. दोन्ही हवा सीमेला समांतर वाहू लागतात आणि तिरकी सीमा तोलून धरली जाते. या तोलाचे गणित ऑस्ट्रियाच्या माक्स मार्गुलेस यांनी १९०६ मध्ये मांडले.

हे बल विषुववृत्तावर शून्य असते आणि ध्रुवाकडे वाढत जाते. नॉर्वेतले बर्गेन ६० अंश उत्तरेला आहे, बुलढाणा साडेवीस अंशांवर. साइनचा तक्ता उघडला तर दिसेल की, एकाच वेगाच्या वाऱ्यावर बर्गेनला हे बल आपल्यापेक्षा सुमारे अडीचपट असते. शिवाय आपल्याकडे शेजारच्या दोन हवांच्या तापमानांत फरक थोडा असतो, आणि मार्च ते मेमधले ऊन रोज दुपारी जमिनीलगतची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळून काढते. तिरकी, स्वच्छ, कित्येक दिवस टिकणारी सीमा इथे उभीच राहू शकत नाही. ‘आघाडी इथे नाही’ याचा अर्थ ‘हवांची सीमा इथे नाही’ असा नसून ‘नॉर्वेतल्यासारखी सीमा इथे टिकत नाही’ एवढाच आहे. या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

दुसरी तक्रार : फरक म्हणजे फक्त तापमानाचा फरक

आघाड्यांच्या साऱ्या आकृत्यांत एका बाजूला ‘थंड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘उष्ण’ असे लिहिलेले असते. विद्यार्थ्याच्या मनात ठसते की, वायुराशी ओळखायची ती तापमापकाने. बुलढाणा जिल्ह्यात हा समज दोन प्रकारे फसवतो.

पहिली फसगत घाटाची. तुमच्याकडे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात, साधारण साडेतीनशे-चारशे मीटर खाली. मे महिन्यात मलकापूरला ४३ अंश असताना बुलढाण्याला ३९ असले, तर मुले म्हणतील दोन वेगळ्या हवा आहेत. तसे नाही. उन्हाने घुसळलेली कोरडी हवा १०० मीटर वर गेली की सुमारे १ अंशाने थंड होते. चारशे मीटरना चार अंश. म्हणजे ती एकच हवा आहे, घाट चढून आलेली. दोन ठिकाणच्या हवांची तुलना करायची तर आधी त्या एका पातळीवर आणायला हव्यात. हे साधे गणित पाठात आले असते तर ‘भिन्न’ या शब्दाला वजन आले असते.

दुसरी फसगत उलटी आहे. तापमान तेच राहते आणि हवा मात्र पूर्ण बदलते. समजा, एप्रिलमधल्या दोन दुपारी बुलढाण्याच्या शाळेत साधा तापमापक ३६ अंशच दाखवतो. पण ज्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले आहे तो दुसरा तापमापक पहिल्या दिवशी १८ आणि दुसऱ्या दिवशी २४ दाखवतो. बुलढाण्याच्या उंचीवरचा हवेचा दाब धरून हिशेब केला, तर पहिल्या दिवशी दवबिंदू ६ अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी १९ अंशांच्या आसपास येतो. पहिली हवा वायव्येकडच्या कोरड्या जमिनीवरून आलेली, दुसरी समुद्रावरून. तापमापक एकटा पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसणार नाही.

इथे एक गंमतही सांगण्यासारखी आहे. दमट हवा ‘जड’ असते असे आपण सहज म्हणतो. खरे उलटे आहे. पाण्याच्या रेणूचे वजन १८, कोरड्या हवेचे सरासरी २९. बाष्प शिरते तेव्हा जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. वरच्या उदाहरणातल्या दोन हवांत बाष्पाचा जो फरक आहे, त्याने दमट हवा जवळजवळ २ अंश अधिक तापल्याइतकी हलकी होते. आर्द्रतेचा फरकही घनतेचा फरकच असतो, फक्त लहान.

तिसरी तक्रार : दोन पुस्तके एकमेकांशी बोलत नाहीत

आता दुसरे पुस्तक उघडा, भारताचे. त्यातल्या हवामानाच्या प्रकरणात उन्हाळ्याचे वर्णन करताना म्हटले आहे की, कोरड्या आणि दमट वायुराशींचा अचानक संपर्क आला की जोरदार स्थानिक वादळे होतात, कधी गाराही पडतात. हीच तर आपली गोष्ट! पण ती एका दमात येते आणि जाते. पहिल्या पुस्तकातल्या वायुराशींचा इथे उल्लेख नाही, आणि तिथल्या आघाड्यांच्या पाठात या वाक्याची चाहूल नाही. एकाच वर्षी, एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात असलेली ही दोन पाने एकमेकांना ओळखत नाहीत. पुढे प्रसिद्ध स्थानिक वादळांची यादी येते : केरळ-कर्नाटकातल्या आंबेसरी, कॉफीचा मोहोर फुलवणाऱ्या सरी, बंगाल-आसामची कालबैसाखी, उत्तरेची लू. विदर्भ-मराठवाड्याच्या गारपिटीला त्या यादीत जागा मिळालेली नाही.

ती जागा का मिळायला हवी? फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पुन्हा पुन्हा गारपीट झाली, आणि काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे यांची नासाडी झाली. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बीड, बुलढाण्यासह मराठवाडा-विदर्भाला पुन्हा तडाखा बसला. देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी जाळीची घरे उभी असतात. तिथल्या शेतकऱ्याला दहा मिनिटांची गारपीट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

या दिवसांत हवामानखात्याच्या निवेदनात एक वाक्य वारंवार येते. विदर्भापासून कर्नाटकच्या अंतर्भागातून तामिळनाडूपर्यंत वाऱ्यांची खंडितता आहे, समुद्रसपाटीपासून ०.९ किलोमीटर उंचीवर. बातम्यांत याचे ‘कमी दाबाचा पट्टा’ असे काहीतरी होते आणि अर्थ हरवतो. अर्थ असा : या रेषेच्या पश्चिमेला वारे वायव्येकडून येतात, कोरडे. पूर्वेला ते दक्षिणेकडून-आग्नेयेकडून येतात, बंगालच्या उपसागराचे बाष्प घेऊन. त्यांची दिशा जिथे तुटते ती खंडितता. ०.९ किलोमीटर म्हणजे बुलढाणा शहराच्या डोक्यावर अवघे अडीचशे मीटर. ही रेषा रोज थोडी पूर्वेला-पश्चिमेला सरकते. आपल्या अंगणातली वायुराशींची सीमा ती हीच. बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी इथून सुरू करायला हवे होते.

चौथी तक्रार : ‘टक्कर’

संपर्क आला की वादळ होते, हे पुस्तकातले वाक्य वर्तमानपत्रात येईपर्यंत ‘थंड आणि उष्ण वाऱ्यांची टक्कर’ होते. आपल्या वर्गात ढगांच्या टकरीने वीज पडते असे सांगणारा एखादा मुलगा असतोच. त्याच समजुतीचे हे मोठे भावंड.

खंडितता उन्हाळ्यात बरेच दिवस नकाशावर असते. त्यातल्या कित्येक दिवशी आभाळ कोरडे जाते. टकरीनेच वादळ होत असते, तर रोज झाले असते. वादळाला तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, खालच्या थरात पुरेसे बाष्प. दोन, वरची हवा इतकी थंड, की खालून वर गेलेला हवेचा लोट प्रत्येक उंचीवर भोवतालच्या हवेपेक्षा उबदारच राहील. तीन, त्या लोटाला पहिला धक्का देऊन वर ढकलणारे काहीतरी. खंडितता यातली तिसरी गोष्ट देते, कारण दोन बाजूंचे वारे एकमेकांकडे आले की हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. पहिली गोष्ट पूर्वेकडची दमट हवा आणते. दुसरी बहुधा फार लांबून येते. हिवाळ्याच्या शेवटी पश्चिमेकडून जाणाऱ्या विक्षोभांची वरच्या थरातली द्रोणी कधीकधी दक्षिणेला महाराष्ट्रापर्यंत उतरते आणि पाच-सहा किलोमीटर उंचीवरची हवा थंड करते. म्हणजे ‘थंड हवा’ आहे, पण ती डोक्यावर आहे, शेजारी नाही. टकरीच्या चित्रात नेमकी हीच गोष्ट चुकते.

गारा फेब्रुवारी-मार्चमध्ये का जास्त, हेही यातून उलगडते. त्या दिवसांत पाणी गोठण्याची पातळी चार-साडेचार किलोमीटरवर असते. मेमध्ये ती आणखी वर जाते आणि गारेला वितळायला लांब वाट मिळते. लिंबाएवढी गार ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने खाली येते. म्हणजे ती तेवढी मोठी होईपर्यंत तिला तोलून धरणारा ढगातला वर जाणारा वाराही साधारण तितक्याच वेगाचा असला पाहिजे. मुलांना हा एक आकडा सांगून पाहा, ढगाकडे बघण्याची त्यांची नजर बदलते.

आणि एक आघाडी तर तुमच्या शाळेच्या मैदानावरही येते. वादळी ढगातून पावसाबरोबर थंड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तिची पुढची कड म्हणजे ते वावधन : आधी धुळीची भिंत, मग गार वारा, ओल्या मातीचा वास, खिडक्यांची आदळआपट. दोन-चार मिनिटांत तापमान आठ-दहा अंशांनी उतरू शकते. जड थंड हवा पुढच्या उष्ण हवेखाली घुसते आणि तिला उचलते, अगदी काचेच्या पेटीसारखे. शीत आघाडीची ही छोटी, तासा-दोन तासांची आवृत्ती आहे. नॉर्वेच्या आधी फळ्यावर ती काढली तर?

रिकाम्या जागेत कोण येते

शाळा जिथे बोलत नाही तिथे दुसरे कोणी बोलते. तुमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. धान्यांचे वर्तुळ मांडतात. मध्ये चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते दाणे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, यावरून पाऊस आणि पिके सांगतात. ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. पेरणीत सगळे पैसे घालणाऱ्याला पुढचे जाणून घ्यावेसे वाटते, ही अंधश्रद्धा नव्हे. पण चिकित्सा इथेही करू. घागरीखालचे ढेकूळ रात्रभरात किती भिजते? ते मातीचे भांडे किती पाझरते, ढेकूळ किती घट्ट आहे आणि त्या रात्रीची हवा किती कोरडी आहे, यावर ठरेल. हवा वायव्येची असेल तर ओल लवकर उडेल, आग्नेयेची असेल तर टिकेल. म्हणजे त्या ढेकळांनी काही सांगितलेच, तर फार फार तर एवढे, की त्या रात्री गाव खंडिततेच्या कोणत्या बाजूला होते! सप्टेंबरच्या पावसाची खबर मेच्या आसपासच्या एका रात्रीच्या ढेकळात पोचायला कोणताही मार्ग नाही. मुलांकडून एकसारखी चार ढेकळे, चार मडकी मांडून हे तपासून घेता येईल. ती चारही ढेकळे सारखी भिजली नाहीत, तर त्यांना कोणते महिने म्हणायचे, हा प्रश्न मुलेच विचारतील.

मात्र हे करताना आपल्याकडेही प्रामाणिकपणा हवा. ‘घट खोटा, पुस्तक खरे’ म्हणून भागत नाही. पुस्तकातली आघाडी त्या शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या गारपिटीबद्दल काहीच सांगत नसेल, तर त्याच्या दृष्टीने दोन्ही मंत्रच.

काय करता येईल

परीक्षेत जे विचारतात ते शिकवावे लागते, हे मला मान्य आहे. पाठ बदलेपर्यंत थांबायचे कारण मात्र नाही. नॉर्वेच्या आकृतीआधी दोन तासिका एवढ्याच मागतो.

साहित्य थोडके आहे. दोन सारखे तापमापक, एकाच्या फुग्याला मलमलीची वात, तिचे टोक पाण्याच्या बाटलीत. तापमापक सावलीत टांगा आणि वाचण्यापूर्वी पुठ्ठ्याने वारा घाला. काठीला बांधलेले हलके कापड वाऱ्याची दिशा सांगेल. १ फेब्रुवारी ते १५ जून रोज सकाळी साडेआठला आणि सायंकाळी साडेपाचला नोंद करा. हवामानखात्याची निरीक्षणेही याच वेळांना होतात, म्हणून तुलना सोपी. शाळा सुटलेली असते तेव्हा जवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे काम द्या. सुट्टीतला खंड पडला तर तो वहीत तसाच दिसू द्या, आकडे भरून काढू नका.

मग एक शाळा घाटावरची, एक घाटाखालची, एक लोणार-मेहकरकडची अशा तीन वह्या शेजारी ठेवा. ओला तापमापक ज्या दिवशी उडी मारतो त्या दिवशी वारा फिरला होता का? उडी तिन्ही गावांत एकाच दिवशी आली, की पूर्वेकडे आधी? वादळ झाले ते उडीच्या दिवशी की नंतर? उडी मारूनही काही झाले नाही असे दिवस किती? शेवटचा प्रश्न सोडू नका. ‘टक्कर’ त्यातच मोडते.

हा नुसता खेळ नाही. नागपूरचे हवामान रडार बुलढाण्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. त्याचा किरण अर्ध्या अंशाने तिरका निघाला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे बुलढाण्यावर पोचेपर्यंत जमिनीपासून सात-आठ किलोमीटर वर असतो. त्याला उंच ढगाचा माथा दिसेल, पण एक किलोमीटरखालची दमट-कोरड्या हवेची सीमा दिसणार नाही. ती जमिनीवरच्या नोंदींतूनच कळते.

आणि जीवाचा प्रश्नही आहे. गारपीट थांबवता येत नाही, पण विजेपासून वाचता येते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. अंतर मिळाले म्हणून निर्धास्त व्हायचे नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलो, मग झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप गावातल्या एका तरी फोनवर असावे. वावधन ओळखायला शिकलेला मुलगा शेळ्या वेळेत घरी वळवतो. पाठाचा उपयोग याहून मोठा कोणता?

शेवटी आघाडीच्या जन्माची गोष्ट. विल्हेल्म बियर्कनेस १९१७ मध्ये बर्गेनला आले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. परदेशातून हवामानाच्या तारा येणे बंद झाले होते, देशात धान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांना आणि मच्छिमारांना अंदाज हवा होता. म्हणून १९१८ मध्ये पश्चिम नॉर्वेत निरीक्षणाची अनेक नवी ठिकाणे उघडली. त्या दाट नोंदी एका नकाशावर आल्या तेव्हा वारा तुटण्याच्या रेषा दिसल्या. विल्हेल्म यांचे चिरंजीव याकोब यांनी १९१९ मध्ये त्यांवरून आवर्ताची रचना मांडली, आणि युद्धाच्या आघाडीवरून त्या सीमांना आघाडी हे नाव पडले. आपण ज्याला परका पाठ म्हणतो तो असा एका जागच्या माणसांनी, आपल्या शेतकऱ्यांसाठी, आपल्याच आभाळाकडे बघून तयार केला. आपण त्यातली आकृती उचलली. त्यांची पद्धत मात्र तिथेच राहून गेली.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर आता माझे उत्तर असे असेल : “बाई, नॉर्वेतली आघाडी इथे येत नाही. पण दोन हवांची सीमा दर उन्हाळ्यात तुमच्या शाळेवरून ये-जा करते. ती तापमापकाला दिसत नाही, ओल्या फडक्याला दिसते. ती कधी येते ते तुम्ही आणि मुलांनी मला सांगायचे.”